आधी ग्राफ, मग फॉर्म्युला: बर्फ-वाफेची आणि हाफ-लाइफची गणितं न चुकता कशी सोडवायची

दहावीचा उष्णतेचा धडा आणि बारावीचा किरणोत्सारी क्षय (अस्थिर अणू आपोआप फुटत जाणं), लांबून बघितलं तर दोघांचा काही संबंध नाही. पण वह्या तपासायला घेतल्या की चूक मात्र एकाच जातकुळीची दिसते. प्रश्न वाचून संपायच्या आत पोरं फॉर्म्युला लिहितात, जे आकडे दिसतील ते त्यात कोंबतात आणि जे काय येईल त्याच्याखाली दोन रेघा मारून मोकळी होतात. मग वितळणाऱ्या बर्फाचं तापमान उणे १५ अंश येतं आणि तरी कुणाला काही खटकत नाही. खाली जी पद्धत दिली आहे तिचा नियम एकच आहे, पदार्थ कुठून निघाला, कुठे पोचला आणि मध्ये काय काय झालं हे कागदावर काढल्याशिवाय फॉर्म्युल्याला हात लावायचा नाही.

तयारी: पेन चालवण्याआधी

हे आकडे पाठ पाहिजेत, रोज वापरले की आपोआप होतात.

- बर्फाची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) ०.५, पाण्याची १, वाफेची साधारण ०.४८ (सगळं कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस)
- बर्फ वितळायला ८० कॅलरी प्रति ग्रॅम, पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी प्रति ग्रॅम
- १ कॅलरी म्हणजे ४.१८ ज्यूल

प्रश्नात वेगळी किंमत दिली असेल तर तीच घ्यायची, पाठ केलेली नाही. काही प्रश्नांत ४.२ देतात, मग ४.२.

आणि एक जुनी खोड आत्ताच सोडा. तापमानातला फरक ३० अंश सेल्सिअस असेल तर तो केल्व्हिनमध्येही ३० च असतो. फरकात २७३ मिळवून ३०३ करणारे दरवर्षी भेटतात. २७३ मिळवायचे ते तापमानात, दोन तापमानांच्या वजाबाकीत नाही.

टप्पा १: प्रश्नातून चारच गोष्टी काढा

वस्तुमान किती, सुरुवातीची अवस्था आणि तापमान काय, शेवटची अवस्था आणि तापमान काय, आणि उत्तर कशात मागितलंय. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. प्रश्न किलोग्रॅममध्ये, आपल्या किमती ग्रॅममध्ये, उत्तर ज्यूलमध्ये, असा खेळ मुद्दाम केलेला असतो. सगळं आधी ग्रॅम आणि कॅलरीत आणा, आणि ज्यूल करायचेच असतील तर अगदी शेवटी एकदाच गुणा, प्रत्येक ओळीत ४.१८ घेऊन बसलात तर आकडेमोडच चुकणार.

"शून्य अंशाचं पाणी" आणि "शून्य अंशाचा बर्फ" या वेगळ्या गोष्टी आहेत, तापमान एकच असलं तरी. तसंच १०० अंशाचं पाणी आणि १०० अंशाची वाफ. प्रश्नात अवस्थेचा जो शब्द आहे त्याच्याखाली पेन्सिलने रेघ मारा.

टप्पा २: ग्राफ काढा, अगदी ओबडधोबड चालेल

आडव्या अक्षावर दिलेली उष्णता, उभ्यावर तापमान. बर्फ तापतो तेव्हा तिरकी रेघ, वितळतो तेव्हा शून्यावर आडवी रेघ, पाणी तापतं तेव्हा परत तिरकी, उकळतं तेव्हा १०० वर आडवी, वाफ तापली तर पुन्हा तिरकी. आता प्रश्नातली सुरुवात आणि शेवट या रेघेवर टिंबानं दाखवा. दोन टिंबांच्या मध्ये जितके तुकडे, तितक्या ओळी तुमच्या उत्तरात हव्यात.

आडव्या भागात उष्णता जातेय पण तापमान हलत नाही, कारण ती ऊर्जा कणांना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होतेय. म्हणून तिथे तापमानातला फरक असलेला फॉर्म्युला (वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्माधारकता गुणिले तापमानातला फरक) चालत नाही, फक्त वस्तुमान गुणिले अप्रकट उष्मा, म्हणजे वरचे ८० किंवा ५४०. आणि त्या आडव्या भागात दोन्ही अवस्था एकत्र असतात. "या भागात पदार्थ कोणत्या अवस्थेत आहे?" या प्रश्नाला नुसतं "द्रव" लिहिलं की मार्क गेला.

ग्राफ काढताना सगळे तुकडे सारख्या लांबीचे काढायची सवय असते, कारण बऱ्याच ठिकाणी तसंच छापलेलं असतं. एका ग्रॅमचा हिशोब बघा: वितळायला ८०, शून्यापासून शंभरपर्यंत तापायला १००, वाफ व्हायला ५४०. म्हणजे सारख्या आचेवर वितळायला ४ मिनिटं लागली तर तापायला ५ आणि संपूर्ण वाफ व्हायला २७ मिनिटं. प्रमाण डोक्यात बसलं की उत्तर बरोबर आहे का याचा अंदाज आपोआप येतो. बर्फाची तिरकी रेघ पाण्याच्या रेघेपेक्षा जास्त उभी असते तीही यामुळेच, त्याला तापायला निम्मीच उष्णता लागते.

*तपासा: ग्राफवर दोन टिंबं आहेत का? त्यांच्यामधले तुकडे मोजले का? नसतील तर पुढे जाऊ नका.*

टप्पा ३: एका तुकड्याला एक ओळ

उणे १० अंशाचा २० ग्रॅम बर्फ, त्याची १०० अंशाची वाफ करायची. ग्राफवर चार तुकडे आहेत.

१. बर्फ उणे १० ते ०: २० × ०.५ × १० = १०० कॅलरी
२. वितळणे: २० × ८० = १६०० कॅलरी
३. पाणी ० ते १००: २० × १ × १०० = २००० कॅलरी
४. वाफ होणे: २० × ५४० = १०८०० कॅलरी

बेरीज १४५०० कॅलरी, ज्यूलमध्ये ६०६१०. चौथी ओळ एकटीच जवळपास तीन चतुर्थांश खाऊन बसलीय, असंच यायला हवं. तुमच्या उत्तरात पाणी तापवण्याची ओळ सगळ्यात मोठी दिसली तर ५४० च्या जागी ५४ वगैरे काहीतरी झालंय.

इथल्या नेहमीच्या चुका सांगायच्या तर, पहिल्या ओळीत बर्फासाठी ०.५ ऐवजी १ घेणं, आणि उणे १० पासून १०० म्हणजे ११० अंशांचा फरक म्हणून एकाच ओळीत पहिली आणि तिसरी उरकणं. दुसरी चूक हुशार पोरंच जास्त करतात, वेळ वाचवायला जातात.

टप्पा ४: मिश्रणाचं गणित, आधी जमाखर्च

सगळ्यात जास्त बळी इथे जातात, म्हणून जरा सावकाश घेऊ.

प्रश्न असा: ० अंशाचा १०० ग्रॅम बर्फ ५० अंशाच्या १०० ग्रॅम पाण्यात टाकला, शेवटचं तापमान किती? सरळ समीकरण मांडणारा असं लिहितो: १०० × ८० + १०० × शेवटचं तापमान = १०० × (५० − शेवटचं तापमान). सोडवलं की येतं उणे १५. म्हणजे कोमट पाण्यात बर्फ टाकून आपण फ्रीजरपर्यंत पोचलो, आणि तेही पाणी द्रवच राहून!

समीकरण मांडताना आपण गुपचूप एक गोष्ट गृहीत धरली, की सगळा बर्फ वितळला. ते खरं आहे का हे आधी बघायचं:

- गरम पाणी शून्यापर्यंत आलं तर जास्तीत जास्त किती देईल? १०० × १ × ५० = ५००० कॅलरी. ही जमा.
- सगळा बर्फ वितळायला किती लागेल? १०० × ८० = ८००० कॅलरी. हा खर्च.

जमा कमी, खर्च जास्त. म्हणजे बर्फ उरणार, आणि पाणी आणि बर्फ सोबत आहेत म्हणजे शेवटचं तापमान ० अंश, समीकरणाची गरजच नाही. वितळला किती? ५००० ÷ ८० = ६२.५ ग्रॅम. उरला ३७.५ ग्रॅम. जमा खर्चापेक्षा जास्त निघाली असती, तरच पुढचं समीकरण.

वाफेच्या गणितात चूक वेगळी असते. २० अंशाचं १०० ग्रॅम पाणी ८० अंशाला न्यायचं, १०० अंशाची किती वाफ सोडायला हवी? पाण्याला लागणार १०० × ६० = ६००० कॅलरी. वाफ देणार दोनदा, आधी पाणी होताना ग्रॅममागे ५४०, आणि मग ते १०० अंशाचं पाणी ८० पर्यंत थंड होताना ग्रॅममागे आणखी २०. एकूण ५६०. ६००० ÷ ५६० म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम. तो २० चा भाग विसरलात तर ११.१ येतं, दिसायला अगदी शेजारचं, पण मार्क मिळत नाहीत. ग्राफ काढला असता तर वाफेची वाट दोन तुकड्यांतून खाली येतेय हे समोरच दिसलं असतं.

कॅलरीमापीचं (ज्यात मिश्रण करतात त्या तांबे धातूच्या भांड्याचं) वस्तुमान दिलं असेल तर तोही पाण्याबरोबर तापतो किंवा थंड होतो, त्याची ओळ वेगळी लिहायची. प्रश्नात तांब्याचा आकडा उगाच दिलेला नसतो.

*तपासा: शेवटचं तापमान गरम आणि थंड वस्तूंच्या मधलंच असलं पाहिजे. बाहेर गेलं की परत जमाखर्चाकडे.*

टप्पा ५: तोच ग्राफ प्रयोगात का बिघडतो

प्रॅक्टिकलला बर्फ तापवून ग्राफ काढायला सांगतात आणि आडवी रेघ काही आडवी येत नाही. कारण बहुतेक वेळा ढवळणं. बर्फ वर तरंगतो, खालचं पाणी बर्नरमुळे पाच-सहा अंशांपर्यंत पोचलेलं असतं आणि थर्मामीटरचा फुगा नेमका तिथे. बर्फ बारीक कुटून घ्या, फुगा मधोमध ठेवा, तळाला टेकू देऊ नका, आच मंद ठेवा आणि दर ३० सेकंदांनी रीडिंग घेण्याआधी ढवळा, थर्मामीटरने नाही, ढवळणीने.

उकळताना रीडिंग १०० पर्यंत पोचत नाही म्हणून घाबरू नका. हवेचा दाब उंचीप्रमाणे कमी होतो आणि साधारण ३०० मीटरला एक अंश उत्कलनबिंदू खाली येतो. मुंबईत १०० च्या आसपास, पुण्यात ९८ च्या आसपास, महाबळेश्वरला ९५-९६. पुण्यातल्या पोराने जर्नलमध्ये ठोकून १०० लिहिलं की ते रीडिंग घेतलेलं नाही, हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

*सावधान: वाफेत हात घालू नका. वाफ कातडीवर पाणी होताना ग्रॅममागे ५४० कॅलरी तिथेच सोडते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर पारा हाताने गोळा करायचा नाही, सरांना सांगायचं. आणि बीकर कोरडा होईपर्यंत तापवू नका, तडकतो.*

टप्पा ६: क्षयाकडे, आणि पहिलं काम म्हणजे तापमान विसरणे

इथून पुढे बारावीचं. आत्तापर्यंत आच वाढवली की सगळं लवकर व्हायचं, ती सवय इथे नडते. "नमुना ५०० अंशाला तापवला तर अर्धायुष्य किती होईल?" असा प्रश्न आला तर उत्तर आहे तेवढंच. (अर्धायुष्य म्हणजेच हाफ-लाइफ, निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ.) खोलीच्या तापमानाला कणाची उष्णतेची ऊर्जा एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे ऊर्जेचं अगदी छोटं एकक) चाळिसाव्या भागाएवढी असते, आणि युरेनियम-२३८ मधून निघणारा अल्फा कण (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन) सुमारे ४२ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट घेऊन बाहेर पडतो. बर्नरची पोच इलेक्ट्रॉनांपर्यंत, केंद्रकाला त्याचा पत्ताही लागत नाही. दाब वाढवा, वितळवा, संयुग करा, शाळा-कॉलेजच्या पातळीवर फरक शून्य.

समीकरणासाठी क्रम ठरवून टाका, आधी अणुवस्तुमानांक, नंतर अणुअंक. अल्फा गेला की वस्तुमानांक ४ ने आणि अणुअंक २ ने कमी. बीटा गेला की वस्तुमानांक तोच, अणुअंक १ ने जास्त. गॅमा गेला की दोन्ही जागच्या जागी. बीटाला पोरं १ वजा करतात, काहीतरी बाहेर गेलं म्हणून. बाहेर गेला तो उणे एक भाराचा इलेक्ट्रॉन, आत न्यूट्रॉनचा प्रोटॉन झालाय, म्हणून एक वाढतो.

युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ पर्यंत किती अल्फा, किती बीटा? वस्तुमानांक फक्त अल्फाने बदलतो, म्हणून तिथून सुरुवात: २३८ − २०६ = ३२, भागिले ४, म्हणजे ८ अल्फा. आठ अल्फांनी अणुअंक ९२ वरून ७६ वर यायला हवा होता, शिशाचा आहे ८२, म्हणजे ६ बीटा. अणुअंकापासून सुरुवात केलीत तर एका समीकरणात दोन अज्ञात घेऊन बसाल.

मध्येच एखादं उत्तर विचित्र दिसलं तर खोडू नका. युरेनियम-२३८ एक अल्फा सोडून थोरियम-२३४ होतं, ते बीटा सोडून प्रोटॅक्टिनियम-२३४ आणि ते आणखी एक बीटा सोडून परत युरेनियम होतं, युरेनियम-२३४. एक अल्फा, दोन बीटा, अणुअंक जिथल्या तिथे. बरोबर आहे ते.

टप्पा ७: हाफ-लाइफचा तक्ता

"एका हाफ-लाइफमध्ये निम्मं गेलं, म्हणजे दोनमध्ये सगळं संपलं." ही समजूत तोंडी समजावून जात नाही, हाताने करूनच जाते. १०० नाणी घ्या, उधळा, छापा पडलेली बाजूला काढा, उरलेली परत उधळा. हल्ली सगळे व्यवहार यूपीआयवर, घरात १०० नाणी सापडणं मुश्कील, तर फोडलेले चिंचोके चालतील, फक्त त्यांच्या दोन बाजू सारख्या वारंवार पडतील याची खात्री नाही, मग अर्धे व्हायला एकापेक्षा कमी-जास्त फेऱ्या लागतात. फासे घेतलेत आणि प्रत्येक वेळी फक्त सहा पडलेले काढलेत तर निम्मे व्हायला साधारण ३.८ फेऱ्या लागतात. (रेडॉन-२२२ चं अर्धायुष्यही सुमारे ३.८ दिवस, निव्वळ योगायोग.) शेवटची तीन-चार नाणी उरली की आकडे वेडेवाकडे येतात, कारण हा नियम गर्दीचा आहे, एकट्यादुकट्या अणूचा नाही. अमुक एक अणू कधी फुटेल हे सांगता येत नाही.

आता कागदावर. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस, सुरुवातीला ८० मिलिग्रॅम:

- ० दिवस: ८०
- ८ दिवस: ४०
- १६ दिवस: २०
- २४ दिवस: १०

२४ दिवसांनी उरलं १०, क्षय झाला ७० चा. प्रश्नात यातलं काय विचारलंय ते परत वाचा, कारण पर्यायांत दोन्ही आकडे हमखास दिलेले असतात. "८७.५ टक्के क्षय झाला" असं दिलं असेल तर १०० मधून वजा करून उरलेलं काढा, १२.५ टक्के म्हणजे आठवा भाग, म्हणजे तीन हाफ-लाइफ. आणि ७० मिलिग्रॅम गायब झालं नाही, त्याचं झेनॉन झालं.

*तपासा: वेळ आणि अर्धायुष्य एकाच एककात आहेत का? एक तासात आणि दुसरं दिवसांत देणं ही पेपर काढणाऱ्यांची आवडती खोडी.*

टप्पा ८: हाफ-लाइफ पूर्ण आकड्यात नसेल तर

वरच्याच उदाहरणात २० दिवसांनी किती? २० ÷ ८ = २.५ हाफ-लाइफ. तक्त्यात १६ ला २० आणि २४ ला १०, म्हणून मध्ये १५ असं लिहू नका. ग्राफची रेघ मध्ये खाली झुकलेली असते, म्हणजे उत्तर १५ पेक्षा थोडं कमी हवं. हा अंदाज आधी बाजूला लिहून ठेवा.

बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल आहे, तर त्यानेच करू:

१. ८० चा लॉग = १.९०३१
२. २ चा लॉग = ०.३०१०, गुणिले २.५ = ०.७५२५
३. वजाबाकी = १.१५०६
४. अँटीलॉग = १४.१४ मिलिग्रॅम (टेबलमध्ये शेवटचा अंक थोडा इकडे-तिकडे होईल)

१५ पेक्षा थोडं कमी, बसलं. काही जण आधी नुसता अपूर्णांक काढायला जातात, त्यांच्याकडे उणे ०.७५२५ येतं आणि ते टेबलमध्ये थेट .७५२५ बघून ५६५६ घेऊन येतात. उणे लॉगचा अँटीलॉग तसा बघता येत नाही, त्याचं आधी बार १ .२४७५ करावं लागतं, मग ०.१७६८ मिळतं. ८० च्या लॉगमधून वजा केलंत तर बारच्या भानगडीत पडावंच लागत नाही.

टप्पा ९: क्रियाशीलता, म्हणजे सेकंदांचा हिशोब

क्षय नियतांक म्हणजे लॅम्डा, तो ०.६९३ भागिले अर्धायुष्य. क्रियाशीलता म्हणजे लॅम्डा गुणिले अणूंची संख्या. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक क्षय, म्हणून इथे अर्धायुष्य सेकंदांत करणं सक्तीचं.

१ मिलिग्रॅम आयोडीन-१३१ घ्या. अणू काढताना मिलिग्रॅमचे ग्रॅम करायचे, १३१ ने भागायचं, ॲव्होगाड्रो संख्येने गुणायचं: साधारण ४.६ × १० चा १८ वा घात. ८ दिवस म्हणजे ६९१२०० सेकंद, लॅम्डा झाला जवळपास १ × १० चा उणे ६ वा घात, प्रति सेकंद. गुणाकार ४.६ × १० चा १२ वा घात बेकरेल. क्युरी या दुसऱ्या एककात हवं असेल तर ३.७ × १० च्या १० व्या घाताने भागा, सुमारे १२५ क्युरी.

दिवसांतच लॅम्डा ठेवलात तर उत्तर बरोबर ८६४०० पट मोठं येतं. उत्तर चुकल्यावर घात तपासताना तुमच्या आणि उत्तरसूचीतल्या आकड्याचा भागाकार ८६४०० च्या आसपास आला तर सेकंद राहिलेत, ३६०० च्या आसपास आला तर तास राहिलेत, आणि १००० आला तर मिलिग्रॅमचे ग्रॅम करायचे राहिलेत.